झेडचं हेड वर जाताना स्टेप चुकतंय: वजन लावू, गॅस शॉकर लावू की मोठी मोटर टाकू?

साखरपेठ_मिलर (सोलापूर)

नमस्कार मंडळी.

साखर पेठेत घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये माझं काम चालतं. टॉवेलच्या लूमला लागणारे सुटे भाग करून देतो. वडील आयुष्यभर लूमवर जॉबर होते, त्यामुळं गिऱ्हाईक बहुतेक त्यांच्या ओळखीचं. एक जुनं टेबलावरचं मिलिंग मशीन घेतलं होतं, डव्हटेल कॉलमचं, म्हणजे हेड उभ्या खांबावर तिरक्या खाचेत सरकतं. गेल्या दिवाळीनंतर रात्री बसून बसून ते सीएनसी केलं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं. एक्स आणि वाय अगदी बिनतक्रार चालतात. अडलंय ते झेडपाशी, म्हणजे हेड वर-खाली नेणाऱ्या ॲक्सिसपाशी.

झेडला २० मिमी व्यासाचा, ५ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा) बॉल स्क्रू आहे. मोटर स्टेपर, म्हणजे एकेक स्टेपनं फिरणारी, नेमा ३४ मापाची, होल्डिंग टॉर्क (उभी असताना धरून ठेवायचा जोर) ८.५ न्यूटन-मीटर. ड्राइव्ह ५ अँपिअरवर लावलाय. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) ३६ व्होल्टचा आणि तिन्ही ॲक्सिसला तोच एक. मॅक ३ सॉफ्टवेअर वापरतो. झेडचा रॅपिड, म्हणजे न कापता पळायचा वेग, मिनिटाला २४०० मिमी, ॲक्सिलरेशन सेकंदाला १५० मिमी प्रति सेकंद. हेड, स्पिंडल आणि स्पिंडलची मोटर मिळून ५० किलोच्या आसपास असावं. काट्यावर घातलेलं नाही.

आता दुखणं सांगतो. १६ मिमी जाडीच्या लोखंडी प्लेटा करायच्या असतात. एकेका प्लेटमध्ये ५ मिमीची ६४ भोकं, १० मिमी खोल, आरपार नाहीत. ड्रिल दर भोकात चार वेळा वर येऊन कचरा टाकतं. पहिली भोकं बरोबर १० येतात आणि शेवटाकडं खोली वाढत जाते. म्हणजे हेड वर जाताना स्टेप चुकतात. मशीनला वाटतं मी वर पोचलो, प्रत्यक्षात ते खालीच असतं. प्रोग्रॅम संपल्यावर झेड शून्याला आणून मापाचा डायल गेज लावला. एकदा ०.९ मिमी खाली होतं, एकदा ०.४, एकदा १.२. मागच्या आठवड्यात एका प्लेटीत इतकं साचलं की शेवटची ओळ जवळजवळ आरपार गेली. प्लेट भंगारात.

अजून एक गोष्ट लक्षात आलीय. सकाळी सातला सुरू केलं तर दोन-तीन प्लेटा सुरळीत निघतात. दुपारी एकनंतर हमखास चुकतं. सध्या शेडमध्ये ४२ डिग्री असतं.

तिघांनी तीन उपाय सांगितलेत: १२ न्यूटन-मीटरची मोटर, गाडीच्या डिकीचे गॅस शॉकर, आणि वडिलांचं म्हणणं की जुन्या लूमच्या बीमची बिडाची वजनं घरात पडून आहेत, साखळीला बांधून कॉलमच्या मागं सोड. मला रॅपिड ५००० पर्यंत न्यायचाय, कारण प्लेटमागं वेळ फार जातो. आधी काय करू?

---

यंत्रवेडा_इचल

१२ ची मोटर टाक आणि मोकळा हो. ८.५ कमी पडतेय एवढाच अर्थ. वजन, साखळी असली जत्रा मशीनला जोडू नकोस.

---

टूलरूम_निवृत्त (जुळे सोलापूर)

मोटर विकत घेण्याआधी हे वाचा. टूलरूममध्ये माझी हयात गेली, आणि निवृत्तीनंतर घरी मीही एक छोटं मशीन सीएनसी केलंय.

तुमच्या तीन आकड्यांनी अर्धं उत्तर आधीच दिलंय. ०.९, ०.४, १.२. तिन्ही ०.१ च्या पटीत आहेत. २०० स्टेपची मोटर एकदा लय सोडून घसरली की पुन्हा पकड घेते ती चार फुल स्टेपनंतर. चार स्टेप म्हणजे एका फेऱ्याचा पन्नासावा भाग, आणि ५ मिमी लीडवर तो होतो ०.१ मिमी. कपलिंग सरकत असतं किंवा केबलमध्ये नॉइज असता तर आकडे असे नेमके पटीत आले नसते, कसेही आले असते. म्हणजे मोटर खरोखरच ओझ्याखाली घसरतेय. ०.९ आलं त्या दिवशी ती नऊदा घसरली.

आता ओझं किती ते पाहू. ५० किलो म्हणजे ४९० न्यूटन. त्याला लीडनं, म्हणजे ०.००५ मीटरनं गुणा, ६.२८ नं भागा आणि बॉल स्क्रूची कार्यक्षमता ९० टक्के धरून ०.९ नं भागा. उत्तर येतं ०.४३ न्यूटन-मीटर. तुमची मोटर साडेआठची आहे. म्हणजे नुसत्या वजनानं ती हरायला नको.

बरेच जण म्हणतात हेड जड, म्हणून त्याला वेग घेता येत नाही. तेही तपासा. ५ मिमी लीडच्या स्क्रूआडून मोटरला ५० किलोचं जडत्व दिसतं ते फक्त ०.३२ किलो-सेमी वर्ग. तुमच्या मापाच्या मोटरच्या रोटरचं (आतल्या फिरत्या भागाचं) स्वतःचंच असतं २.७ च्या आसपास. म्हणजे मोटरची ताकद हेडला पळवण्यापेक्षा स्वतःच्या रोटरला पळवण्यातच जास्त जाते. १२ च्या मोटरचा रोटर अजून जड.

मग हरते कुठं? तर वेगात. साडेआठ हा आकडा मोटर उभी असतानाचा आहे. फिरायला लागली की दर स्टेपला कॉइलमधला करंट उलटा करावा लागतो, आणि इंडक्टन्स, म्हणजे करंट बदलायला कॉइलचा असलेला विरोध, त्याला आडवा येतो. तुमच्या मोटरचा इंडक्टन्स ६ मिलिहेन्रीच्या आसपास असेल, लेबल बघून घ्या. ३६ व्होल्ट आणि ५ अँपिअरला करंट पूर्ण भरतो तो सेकंदाला साधारण तीन फेऱ्यांपर्यंतच. म्हणजे १८० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ९०० मिमी. त्यापुढं वेग दुप्पट केला की टॉर्क निम्मा. २४०० ला तुम्ही ४८० आरपीएमवर असता. फिरती मोटर मुळातच उभीपेक्षा कमी जोर देते तेही धरलं, तर तिथं साडेआठातला पाव हिस्साच कसाबसा उरतो. आणि स्टेपरमध्ये जो उरतो त्यातलाही निम्मा राखीव ठेवायचा असतो, कारण चुकली तर ती सांगत नाही. हिशेब एक न्यूटन-मीटरच्या आसपास येऊन थांबतो.

यंत्रवेडा, तुमच्या सल्ल्याला माझा विरोध आहे तो यासाठी. त्याच ३६ व्होल्टवर १२ ची मोटर लावली तर इंडक्टन्स सहसा वाढतो, रोटर जड होतो. उभी असताना जोर मिळेल, पळताना कदाचित आहे त्याहून कमी. व्होल्टेज वाढवणं हा खरा उपाय. ७२ व्होल्टला तोच करंट १८०० मिमीपर्यंत पूर्ण भरेल. मात्र ड्राइव्ह तेवढं सोसणारा हवा, आणि त्याच्या कमाल मर्यादेला टेकून सप्लाय घेऊ नका. जड हेड खाली येताना थांबतं तेव्हा मोटरच उलट व्होल्टेज चढवते.

पण व्होल्टेजही नंतर. ०.४३ आणि १ यांच्यामध्ये जागा आहे, तरी मोटर घसरते, याचा अर्थ वजनाखेरीज अजून काहीतरी हेड धरून ठेवतंय. माझा संशय घर्षणावर आहे. हेडचा तोल कॉलमपासून पुढं असतो आणि स्क्रू उचलतो कॉलमजवळून. भरलेली कळशी हात लांब करून उचलली तर मनगट वाकतं, तसं हेड पुढं झुकतं. डव्हटेल वरच्या काठाला एका बाजूनं आणि खालच्या काठाला दुसऱ्या बाजूनं चावतो. त्यात कुणीतरी जिब (डव्हटेलमधली फट भरणारी पट्टी) आवळून ठेवलेली असते. दुपारी चुकतं याचंही कारण मला तिथंच दिसतं. उभ्या स्लाइडवर तेल टिकत नाही, आणि उन्हाळ्यात पातळ होऊन लवकर उतरतं.

हे मोजता येतं. स्क्रूचा नट हेडपासून सोडवा. वरच्या गर्डरला चेन ब्लॉक लावा, मध्ये लटकता काटा, आणि त्याला हेड. हेडखाली लाकडी ठोकळा असल्याशिवाय नटाच्या बोल्टला हात लावायचा नाही. हळू वर ओढताना काटा किती दाखवतो आणि हळू खाली सोडताना किती, दोन्ही लिहा. दोन्हींची बेरीज करून निम्मी केली की हेडचं खरं वजन. वजाबाकी करून निम्मी केली की घर्षण. एकदा नटाच्या जागेवरून ओढा, एकदा हेडच्या तोलबिंदूवरून. आकडे इथं टाका, मग वजनाचं बोलू. सर्वसाधारण पद्धत पाऊण वजन तोलायची आहे.

एक राहिलं. ५००० चा हट्ट सोडा. तुमचं ड्रिल कचरा टाकायला सरासरी १२ मिमी वर येतं असं धरू. १५० च्या ॲक्सिलरेशननं १२ मिमीत सुरू होऊन थांबायचं, तर मध्यावर वेग पोचतो मिनिटाला जेमतेम २५५० पर्यंत. मॅकमध्ये ५००० लिहा नाहीतर १०००० लिहा, ड्रिलला तो वेग कधी दिसणारच नाही. आज त्या हालचालीला ०.५७ सेकंद लागतात, ५००० लिहिल्यावरही ०.५७ च. तेच रॅपिड २४०० ठेवून ॲक्सिलरेशन ४०० केलं तर ०.४० सेकंद. तुमच्या प्लेटमध्ये २५६ वेळा वर आणि २५६ वेळा खाली, म्हणजे प्लेटमागं जवळजवळ दीड मिनिट वाचतं. वेळ तिथं आहे.

---

होटगीरोड_व्हीएमसी

काका म्हणतात ते सगळं मान्य, पण मालक, एक गोष्ट लिहून ठेवा. जुन्या मशीनला साधा ट्रॅपेझॉइडल स्क्रू होता. तो स्वतःच हेड धरून ठेवायचा, कारण त्याच्यात घर्षणच तेवढं. बॉल स्क्रू धरत नाही, तो उलटा फिरतो. मोटरला करंट आहे तोवर हेड जागेवर. लाइट गेली की संपलं.

माझ्या घरच्या मशीनवर हे झालंय. जिब छान मोकळी केली, तेल घातलं, हातानं हेड कसं लोण्यासारखं चालतंय म्हणून बायकोला बोलावून दाखवलं. संध्याकाळी लाइट गेली. स्पिंडलमध्ये १० मिमीचं कार्बाइडचं कटर होतं आणि खाली वाइस. हेड काही धाडकन पडलं नाही, सावकाश उतरलं आणि कटर वाइसच्या जबड्यावर टेकलं. कटर फुटलं. हात नव्हता खाली, एवढंच नशीब.

त्यामुळं घर्षण कमी केलंत तर ब्रेकचा विचार त्याच दिवशी करा. २४ व्होल्टचा, वीज गेल्यावर आपोआप धरणारा ब्रेक येतो, मोटरच्या मागच्या शाफ्टला किंवा स्क्रूच्या टोकाला बसतो. इमर्जन्सी दाबल्यावरही तो धरला पाहिजे, ते वायरिंग विसरू नका.

---

साखरपेठ_मिलर

काका, तुमची पोस्ट चार वेळा वाचली. रविवारी मशीन बंद ठेवून मोजलं. काटा भंगारवाल्या मामांकडून आणला, दीडशे किलोपर्यंतचा. वडील चेन ओढत होते, मी काटा वाचत होतो.

नटाच्या जागेवरून: वर जाताना ८४ किलो, खाली येताना २२.
तोलबिंदूवरून: वर ६६, खाली ४०.

दोन्हीकडून हेडचं वजन बरोबर ५३ निघालं, तेव्हा मला पहिल्यांदा खात्री पटली की आपण नीट मोजतोय. पण घर्षण एकीकडं ३१ आणि दुसरीकडं १३! तेच हेड, तीच जिब, फक्त ओढायची जागा बदलली आणि १८ किलो गायब झाले. नटापासून तोलबिंदू १७ सेमी पुढं आहे. हेडची कॉलमवरची पकड उंचीला २१ सेमी.

म्हणजे इतके दिवस माझी मोटर ५० नाही, ८४ किलो उचलत होती.

मग जिब काढली. आत कोरडी. मधल्या पट्ट्यात काळा चकचकीत डाग, तेल पोचतच नव्हतं. मीच बसवताना चांगली घट्ट बसू दे म्हणून आवळली होती. साफ केली, ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल घातलं, आणि डायल लावून, हेड हातानं पुढं-मागं हलवत, प्ले जाईल एवढीच आवळली. पुन्हा तोलबिंदूवरून मोजलं. आता वर ६१ आणि खाली ४५. घर्षण १३ वरून ८ वर आलं.

नट लावून जुन्याच सेटिंगवर दुपारी दोनला प्लेट लावली. डायलवर फरक ०.१. म्हणजे सगळ्या प्लेटमध्ये एकदाच घसरली. पूर्ण गेलं नाही, पण एवढा फरक नुसत्या तेलानं पडेल असं वाटलं नव्हतं.

आता वजन. पाऊण म्हणजे साधारण ४० किलो. वडिलांच्या वजनांतून ३८ जमतायत. साखळी तोलबिंदूच्या वर हुक करून लावणार, कॉलमवर दोन स्प्रॉकेट, मागं वजन. बरोबर ना?

---

टूलरूम_निवृत्त (जुळे सोलापूर)

छान मोजलंत. १८ किलोचं गणित जुळतं. ५२० न्यूटन गुणिले ०.१७ मीटर म्हणजे ८८ न्यूटन-मीटरनं हेड पुढं झुकू पाहतं. ते २१ सेमीवर पेलायचं तर वर ४२० आणि खाली ४२० न्यूटन दाब. कोरड्या बिडाचा घर्षणांक ०.२ धरला तर १६८ न्यूटन, म्हणजे १७ किलो. काट्यानं १८ सांगितलं.

साखळी तोलबिंदूवरच लावा, कॉलमला चिकटवून नको. तिथं लावली की ती वजनही घेते आणि झुकणंही घेते.

---

साखरपेठ_मिलर

काका, ३८ किलो लावून बघितलं आणि एक वेगळीच गोष्ट समोर आली.

स्टेप चुकणं थांबलं. ॲक्सिलरेशन ४०० केलं, तरी सलग तीन प्लेटा, डायल शून्यावर. मी खूश. मग एका ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर मिलिंग केलं, तर तळाला बारीक पायऱ्या दिसायला लागल्या. आधी कधी नव्हत्या. डायल लावून झेड ०.१ वर, ०.१ खाली असं केलं तर उलटताना ०.०५ मिमी नुसतेच जातात, हेड हलतच नाही.

बॉल स्क्रू तोच, नट तोच. बॅकलॅश आला कुठून?

रात्री वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "बीमवरचं सगळं वजन काढलं तर ताणा सैल पडतो, मग कापड कसं येतं ते तू लहानपणी बघितलंयस." आमच्या जुन्या लूमला ताण्याच्या बीमला साखळी गुंडाळून लिव्हरवर वजन टांगलेलं असायचं. वजन जास्त झालं की धागे तुटतात, कमी झालं की ताणा लोंबतो आणि ठोक बसत नाही. मला एकदम उजेड पडला. बॅकलॅश आधीपासूनच होता. हेडचं वजन नटाला सतत एकाच बाजूला दाबून धरायचं, म्हणून तो दिसत नव्हता. मी ते वजन काढून घेतलं.

मग नट सोडवून, नटाच्या जागेवरून पुन्हा काटा लावला, या वेळी काउंटरवेट जोडलेलं असताना. उरलेलं वजन १५ किलो. वर जाताना काटा ३० दाखवतो. आणि सोडलं तर हेड खाली येतच नाही! घर्षण साधारण १५, उरलेलं वजनही १५. म्हणजे खाली जाताना स्क्रूलाच हेड ढकलावं लागतं, वर जाताना ओढावं लागतं, आणि दर वेळी उलटताना मधली फट पार करावी लागते. त्यात एंड मिलचा पीळ कामाच्या दिशेनं खाली खेचतो, मग हेड त्या फटीत खाली बसतं. पायऱ्या तिथून येतात.

काका, पाऊण वजन तोलायचं हे प्रत्येक मशीनला लागू होईल असं मला आता वाटत नाही. घर्षण किती आहे त्यावर ते ठरलं पाहिजे ना?

---

टूलरूम_निवृत्त (जुळे सोलापूर)

तुमचं बरोबर आहे आणि मी पाऊण सांगितलं ते चुकलं. आमच्याकडं मोठ्या मशीनवर रोलर असलेले लिनियर गाइड होते, नट प्रीलोडचे, म्हणजे आधीच दाबून फट काढलेले होते. तिथं घर्षण नगण्य असतं, आणि उरलेलं वजन थोडं असलं तरी नटाला दाबून धरतं. डव्हटेलला तो आकडा लावायला नको होता.

तुमच्यासाठी नियम असा धरा: मागं राहणारं वजन घर्षणापेक्षा चांगलं सात-आठ किलोनं जास्त हवं. पण मागं जास्त ठेवलं की झुकणंही थोडं परत येतं आणि घर्षण वाढतं, ते हिशेबात घ्या. २६ किलो लावून बघा. मागं २७ राहतील. घर्षण १८-१९ पर्यंत जाईल. वर उचलायला ४६ च्या आसपास, आणि खाली ८ किलोचा दाब कायम.

---

कोंढवा_राउटर (पुणे)

मधेच विचारतो. हेच गॅस शॉकरनं नाही का होणार? साखळी, स्प्रॉकेट, मागं लोंबणारं वजन, माझ्या छोट्या खोलीत जमणार नाही.

---

होटगीरोड_व्हीएमसी

होतं, मी तेच लावलेत. पण शॉकरचा जोर सगळीकडं सारखा नसतो. दाबला जातो तसा आतला नायट्रोजन आवळतो आणि जोर वाढतो. माझ्याकडच्या जोडीत वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत साधारण ३० टक्के फरक काट्यावर दिसला. आणि हेड खाली असतानाच आपण कटिंग करतो! म्हणजे मिलर भाऊंना आता जो बॅकलॅश दिसला तो शॉकर लावल्यावर नेमका कामाच्या उंचीवर दिसणार. समजा २०० न्यूटनचे दोन घेतले. वर ४०० न्यूटन, खाली ५२०. त्यांचं ५३ किलोचं हेड खाली पूर्ण तरंगेल. म्हणून शॉकर निवडताना लेबलावरचा आकडा बघून थांबू नका, खाली दाबलेल्या अवस्थेतला जोर धरून हिशेब करा.

रॉड खाली आणि नळी वर अशी बसवा. आतलं तेल सीलवर राहतं, शॉकर जास्त टिकतो. आणि शॉकरला स्वतःचं घर्षण असतं, सुरुवातीला किंचित अडतो. वजनाचा जोर मात्र वरपासून खालपर्यंत एकच. तुमच्या खोलीत जागा नसेल तर शॉकर, जागा असेल तर मी वजनच सांगेन.

---

यंत्रवेडा_इचल

मी सांगितलं त्याच्या बरोबर उलटं निघालं. काट्याची युक्ती माझ्या मशीनवर करून बघतो. एक शंका आहे, काउंटरवेटनं हलणारं वस्तुमान वाढतं ना? ५३ चे ७९ झाले. मग ॲक्सिलरेशन कसं वाढवता आलं?

---

टूलरूम_निवृत्त (जुळे सोलापूर)

वाढतं, पण वर लिहिलेला आकडा बघा. ५ मिमी लीडवर ७९ किलोसुद्धा मोटरला ०.५ किलो-सेमी वर्ग दिसतात, रोटरच्या २.७ पुढं ते काहीच नाही. तुमचा स्क्रू १० मिमी लीडचा असेल तर मात्र हे चौपट होतं, उचलायचा टॉर्कही दुप्पट लागतो. तेव्हा जपून. आणि ४०० चं ॲक्सिलरेशन म्हणजे गुरुत्वाच्या चार टक्के. एवढ्यानं साखळी सैल पडत नाही. पुढं कुणी सर्व्हो मोटर लावून गुरुत्वाच्या निम्म्यापर्यंत जायला लागलं तर साखळी झटके देईल, तिथं वजन चालणार नाही.

---

साखरपेठ_मिलर

२६ किलोवर पाच दिवस काम केलं, मग लिहितोय.

नटाच्या जागेवरून काटा: वर ४६, खाली ८. काकांनी लिहिलेले आकडे जसेच्या तसे. सुरुवातीला वर ८४ होते. स्क्रूवर टॉर्क ०.७३ चा ०.४० झाला, मोटर तीच, ३६ व्होल्टचा एसएमपीएसही तोच. झेड उलटताना डायलवर ०.०१ जातो. पायऱ्या गेल्या. रॅपिड २४०० च ठेवलाय, ॲक्सिलरेशन ४००. भर दुपारी अकरा प्लेटा केल्या, प्रत्येकीनंतर डायल लावला, एकदाही शून्य सोडलं नाही. प्लेटमागं दीड मिनिट वाचतं ते घड्याळ लावून बघितलं, एक मिनिट पंचवीस सेकंद आलं.

साखळी मोटरसायकलची जुनी नको म्हणून नवी घेतली. कॉलमच्या मागं वजनासाठी पत्र्याची उभी पेटी केली, म्हणजे साखळी तुटली तरी वजन आतच पडेल, धाकटा पोरगा शेडमध्ये येतो. वजनाखाली जुन्या टायरचा तुकडा. वडिलांनी वजनांच्या मधोमध बोल्ट घालून ती एकत्र आवळून दिली, नाहीतर एकमेकांवर वाजत होती.

होटगी रोडच्या भाऊंचं ऐकून ब्रेकसाठी पैसे बाजूला ठेवलेत. तोवर लाइट मुद्दाम पाडून बघितली, तीनदा. हेड जागचं हललं नाही. खाली आठ किलोचा दाब आहे तो स्क्रू उलटा फिरवायला पुरत नसावा, मोटरच्या चुंबकाचीच थोडी पकड असते. पण हेड गरम असताना, ताजं तेल घातल्यावर काय होईल हे अजून बघायचंय, म्हणून काम बदलताना लाकडी ठोकळा हेडखाली असतोच.

आता रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी जिबला तेल, आणि दुपारी जेवून आल्यावर पुन्हा एकदा. तेलासाठी कॉलममध्ये वरून एक नळी काढून देता येईल का याचा विचार चाललाय. कुणी केली असेल तर भोक कुठं पाडलं ते सांगा, बिडात एकदा चुकीच्या जागी पाडलं तर बुजवता येणार नाही.

---

टूलरूम_निवृत्त (जुळे सोलापूर)

कॉलमला भोक नको. जिबच्या समोरच्या बाजूनं, हेडच्या अंगातून ४ मिमीचं पाडा, जिथं तुम्हाला तो काळा डाग दिसला त्याच्या एक बोट वर. आतून हातानं स्क्रेपर घेऊन आडवी उथळ चर काढा, काठापासून दहा मिमी आत थांबवा म्हणजे तेल बाहेर वाहून जाणार नाही. मंगळवारी मी साखर पेठेत येतोय, हेड काढून ठेवणार असाल तर स्क्रेपर घेऊन येतो.